मेमरी कार्डातले फोटो घरच्या प्रिंटरवर: पहिल्यांदा प्रिंट काढणाऱ्यांसाठी

घरी काढलेली फोटोची प्रिंट बिघडली की सगळा राग प्रिंटरवर निघतो. पण बहुतेक वेळा बिघाड कागद आत जाण्याआधीच झालेला असतो. ट्रेमध्ये चकचकीत फोटो पेपर आणि सेटिंगमध्ये मात्र ‘प्लेन पेपर’. चार बाय सहा इंचाच्या कागदात न बसणारा फोटो तसाच पाठवून दिलेला. नाहीतर कागदच उलटा लावलेला. प्रिंटर बिचारा सांगितलं तेवढंच करतो. म्हणून या लेखात बटण दाबण्याआधीची कामं जास्त आहेत आणि बटण दाबणं अगदी थोडं.

आधी प्रिंटर कोणत्या जातीचा, ते पाहा

घरात दिसणारे बहुतेक प्रिंटर इंकजेट असतात, म्हणजे बारीक छिद्रांतून शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवणारे. कार्ट्रिजचे असोत की बाटलीतून शाई ओतायच्या टाकीचे, तत्त्व तेच. चार शायांचा साधा इंकजेटही चांगल्या कागदावर बरा फोटो काढतो. सहा किंवा जास्त शायांचे खास फोटो प्रिंटर त्वचेच्या आणि आकाशाच्या फिक्या छटा अधिक सफाईने उतरवतात, पण सुरुवातीला चार शाया पुरतात.

काळ्या शाईबद्दल मात्र एक गोष्ट माहीत असलेली बरी. अनेक घरगुती इंकजेटमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि बाकीच्या तीन डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण. साध्या कागदावर ते ठसठशीत अक्षरं देतात, पण चकचकीत कागदाच्या थरात मुरत नाहीत. वरच राहतात आणि बोट लागलं की फिसकटतात. म्हणून सेटिंगमध्ये ‘ग्लॉसी’ निवडलं की असा प्रिंटर ती काळी शाई बाजूला ठेवतो आणि उरलेले तीन रंग मिसळून काळा तयार करतो. चकचकीत कागद लावून सेटिंग ‘प्लेन पेपर’वरच राहिलं, तर केस आणि सावल्या ओल्या राहतात आणि पुसल्या जातात, त्याचं कारण हे. कागदाचं सेटिंग म्हणजे निव्वळ औपचारिकता नाही; कुठली शाई, किती प्रमाणात आणि कोणत्या वेगाने सोडायची, हे प्रिंटर त्यावरूनच ठरवतो.

दुसरी जात डाय-सब्लिमेशनची. कॅननच्या सेल्फी (SELPHY) मालिकेतले छोटे प्रिंटर याच जातीचे. यात शाई नसते, रंगाची रिबन असते आणि उष्णतेने तिच्यातला रंग कागदावर उतरतो. कागद चार वेळा आत-बाहेर करतो: आधी पिवळा, मग मॅजेंटा, मग सायन आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर. पहिल्या फेरीनंतर पिवळाधमक फोटो अर्धा बाहेर डोकावतो, तेव्हा ‘झाला वाटतं, पण रंग बिघडले’ असं वाटून तो ओढायचा मोह होतो. ओढू नका, अजून तीन फेऱ्या बाकी असतात. प्रिंटर भिंतीला खेटूनही ठेवू नका. छापताना कागद मागच्या बाजूनेही बाहेर येतो आणि भिंतीला अडतो. कागद आणि रिबन एकाच पाकिटात मोजून मिळतात, त्यामुळे कागदाच्या सेटिंगचा गोंधळ जवळजवळ नसतोच. तुम्हाला फक्त छोटे फोटो हवे असतील आणि मशीन महिनोन्‌महिने पडून राहणार असेल, तर मी हाच सुचवेन. वाळून बसायला यात शाईच नाही.

झिंक नावाचे खिशात मावणारे प्रिंटरही असतात. त्यांचा रंग कागदातच असतो आणि उष्णतेने तो उमटतो. दोन बाय तीन इंचाचा फोटो वहीत चिकटवायला गंमत म्हणून ठीक. अल्बमसाठी मी त्यांचा विचार करणार नाही.

आणि लेझर प्रिंटर. इंकजेटचा फोटो पेपर लेझरमध्ये चुकूनही घालू नका. टोनर, म्हणजे रंगाची पूड, कागदावर वितळवून पक्का करणारा रोलर खूप तापलेला असतो. त्या उष्णतेने फोटो पेपरवरचा थर वितळून रोलरला चिकटू शकतो आणि मग खर्च फक्त एका कागदाचा राहत नाही.

कार्ड हाताळताना

कॅमेरा बंद करा. बंद केल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर फोटो अजून कार्डावर लिहिला जातोय. तो थांबू द्या आणि मगच कार्ड काढा.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलासा खटका असतो. तो खाली ‘लॉक’च्या दिशेने सरकवला की कार्डावरचं वाचता येतं, पण काही लिहिता किंवा पुसता येत नाही. प्रिंटसाठी वाचण्यापलीकडे काही करायचंच नसतं, तेव्हा कार्ड लॉक करूनच रीडरमध्ये घालावं. चुकून ‘डिलीट’ दाबलं गेलं तरी मग फोटो जात नाहीत. मायक्रोएसडीला असा खटका नसतो, पण ती ज्या अडॅप्टरमध्ये बसते त्याला असतो. काम झाल्यावर खटका परत वर करायला विसरलात तर कॅमेरा फोटो काढायला नकार देईल. अशा वेळी कार्ड खराब झालं म्हणून घाबरू नका, आधी कड बघा.

प्रिंटरला कार्डाची खाच असेलच असं नाही. नव्या मॉडेलांपैकी बऱ्याच जणांनी ती काढून टाकली आहे. असेल तरी क्षमतेची अडचण येऊ शकते. साधं एसडी कार्ड दोन जीबीपर्यंतचं, एसडीएचसी बत्तीस जीबीपर्यंतचं आणि त्यावरचं एसडीएक्ससी. एसडीएचसी २००६ मध्ये आलं आणि एसडीएक्ससी २००९ मध्ये. तुमचा प्रिंटर त्याआधीचा असेल तर चौसष्ट जीबीचं कार्ड त्याला ओळखताच येणार नाही. दोष ना कार्डाचा, ना प्रिंटरचा. एक साधा यूएसबी कार्ड रीडर घेऊन फोटो संगणकावर उतरवले की प्रश्न मिटतो. कॅमेरा केबलने जोडूनही फोटो उतरवता येतात, पण मध्येच बॅटरी संपली की काम अर्धवट राहतं. रीडरला ही भानगड नाही.

कार्ड लावल्यावर संगणक कधी कधी विचारतो की कार्डात गडबड दिसते, दुरुस्त करू का? किंवा सरळ फॉरमॅट करू का? दोन्हीला ‘नाही’ म्हणा. फोटो दिसत असतील तर आधी ते कॉपी करून घ्या, दुरुस्तीचं नंतर बघू. आणि फोटो खरोखरच गायब झाले असतील तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेली फाईल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा तिथेच असते, आणि फोटोरेकसारखा मोफत प्रोग्रॅम ती परत मिळवून देऊ शकतो.

कार्ड उघडलं की ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसेल. सगळे कॅमेरे हेच नाव वापरतात. त्याच्या आत तीन आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर आणि त्यांत फोटो. हवे ते फोटो निवडून संगणकावर कॉपी करा, ‘कट’ नको. कार्डावरच्या फाईलचं नाव बदलणं, ती तिथल्या तिथे फिरवणं किंवा दुरुस्त करून परत कार्डावर टाकणं टाळा. नावाचा ठरलेला साचा मोडला की काही प्रिंटरना आणि कॅमेऱ्यांना ती फाईल दिसतच नाही.

एक मोठी अट फाईलच्या प्रकाराची. प्रिंटरची खाच वाचते ती जेपेग फाईल. रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली कच्ची फाईल, तिला उघडता येत नाही. बऱ्याच फोनमधली एचईआयसी फाईलही बहुतेक प्रिंटर थेट घेत नाहीत. असे फोटो संगणकावर उघडून जेपेग म्हणून सेव्ह करावे लागतात. कॅमेऱ्यात ‘रॉ अधिक जेपेग’ अशी सोय असते; ज्यांना घरी पटकन प्रिंट हवी असते त्यांनी ती चालू ठेवावी.

किती मोठी प्रिंट निघेल?

इथे बरीच चुकीची माहिती फिरते, म्हणून थोडं थांबतो. फाईलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’ किंवा ‘३०० डीपीआय’ (डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके) असं काही लिहिलेलं असतं. ते विसरा. फोटो किती मोठा छापता येईल हे त्यातल्या पिक्सेलच्या संख्येवरून ठरतं, त्या शिक्क्यावरून नाही. हिशोब सोपा आहे. कागदाच्या प्रत्येक इंचाला ३०० पिक्सेल मिळाले की हातात धरून बघायचा फोटो रेखीव दिसतो. चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल लागतात. पाच बाय सातला १५०० बाय २१००. आठ बाय दहाला २४०० बाय ३०००, म्हणजे सुमारे सात मेगापिक्सेल. ए४ कागद पूर्ण भरायला २४८० बाय ३५०८. इंचाला २०० पिक्सेलवरही काम भागतं, विशेषतः फोटो भिंतीवर लावायचा असेल आणि लांबूनच बघायचा असेल तर. त्याच्या खाली गेलात की कडा भुरकट दिसू लागतात.

म्हणजे बारा मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही ए४ सहज भरून देतो. अडचण येते ती फिरत फिरत आलेल्या फोटोंची. मेसेजमधून पाठवलेला फोटो वाटेत आक्रसतो. फोनच्या पडद्यावर छान दिसतो, पण मोठ्या कागदावर त्याची खरी अवस्था कळते. शक्य तेव्हा मूळ कार्डावरचीच फाईल घ्या.

प्रिंटरच्या खोक्यावरचा ४८०० किंवा ५७६० डीपीआय हा आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे. तो शाईच्या थेंबांच्या बारीकपणाबद्दल बोलतो. एक पिक्सेल दाखवायला प्रिंटरला अनेक थेंब लागतात. तेव्हा फोटो ४८०० डीपीआयचा करत बसू नका.

डोकी छाटली जातात ती इथे

पिक्सेल पुरेसे असले तरी आकार जुळायला हवा. मोठ्या कॅमेऱ्यांचे फोटो बहुधा तीनास दोन या प्रमाणातले असतात आणि चार बाय सहाचा कागदही त्याच प्रमाणातला. दोघांचं छान जमतं. फोन आणि छोटे कॅमेरे मात्र चारास तीन या प्रमाणात फोटो काढतात, आणि तो चार बाय सहावर पूर्ण बसूच शकत नाही.

४००० बाय ३००० पिक्सेलचा एक ग्रुप फोटो घ्या. मागची रांग उभी, पुढची बसलेली. हा आडवा फोटो चार बाय सहावर कडेपर्यंत भरायचा तर उंचीतले ३००० पैकी २६६७ पिक्सेलच मावतात. ३३३ पिक्सेल, म्हणजे नववा हिस्सा, कुठून तरी जाणार. प्रिंटरवर सोपवलं तर तो वरून आणि खालून सारखं कापतो. वरच्या कापणीत मागच्या रांगेतल्या सगळ्यात उंच माणसाचं डोकं जातं आणि खाली बिनकामाची फरशी तशीच राहते. तेच तुम्ही स्वतः क्रॉप केलं तर वरचा एकही पिक्सेल न घालवता सगळी कापणी फरशीतून करता येते.

म्हणून फोटो एडिट करायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये क्रॉपची चौकट आधी कागदाच्या प्रमाणात बांधून घ्या: चार बाय सहासाठी ‘तीनास दोन’, पाच बाय सातसाठी ‘सातास पाच’, आठ बाय दहासाठी ‘पाचास चार’. मग ती चौकट फोटोवर सरकवत बसवा. आठ बाय दहा हा आकार तीनास दोनच्या फोटोला सगळ्यात महाग पडतो, कारण लांबीतला सहावा हिस्सा जातो. कडेला कोणी उभं असेल तर आठ बाय बारा घ्यावा, किंवा पांढरी किनार ठेवून पूर्ण फोटो छापावा. पांढरी किनार मला तरी कधी वावगी वाटत नाही. उलट फोटो हातात धरायला जागा मिळते आणि फ्रेममध्ये बसवताना काही दबत नाही.

बिनकिनारीची, म्हणजे बॉर्डरलेस प्रिंट काढताना आणखी एक कापणी होते. कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून प्रिंटर फोटो किंचित मोठा करतो आणि चारही बाजूंनी थोडा कागदाबाहेर जाऊ देतो. तेव्हा चेहरा, हात किंवा तारीख अगदी कडेला टेकवून ठेवू नका.

उजेड आणि रंग

पडद्यावर बघितलेला फोटो कागदावर काळवंडलेला येतो, ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी तक्रार. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद फक्त खोलीतला उजेड परतवतो. त्यातून बहुतेकांचा मॉनिटर वाजवीपेक्षा जास्त उजळ ठेवलेला असतो. आधी पडद्याची ब्राइटनेस एवढी कमी करा की कोरं पांढरं पान आणि शेजारी धरलेला पांढरा कागद साधारण सारखे उजळ दिसतील. मग फोटो बघा. तो आता अंधारा वाटत असेल तर तो मुळातच अंधारा होता. सावल्या थोड्या वर आणा, चेहरे उजळा, बाकी फार छेडछाड नको.

रंगांच्या व्यवस्थापनात सध्या शिरू नका. फाईल एसआरजीबी या रंगपद्धतीत ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत मुळात तीच असते. रंग सांभाळायचं काम प्रिंटरवर सोपवा. एडिटिंगचा प्रोग्रॅम आणि प्रिंटर दोघेही एकाच वेळी रंग दुरुस्त करू लागले की चेहरे लालभडक किंवा हिरवट होतात. दोघांपैकी एकालाच ते काम द्यायचं, हा नियम पुढे कितीही शिकलात तरी बदलत नाही.

बदल केलेली फाईल नव्या नावाने सेव्ह करा. मूळ फाईल तशीच राहू द्या.

कागद

फोटो पेपरचे ढोबळ तीन प्रकार: ग्लॉसी म्हणजे चकचकीत, मॅट म्हणजे बिनचमकीचा आणि दोन्हींच्या मधला सॅटिन किंवा लस्टर. ग्लॉसीवर रंग भडक आणि काळा खोल दिसतो, पण बोटांचे ठसेही दिसतात आणि फ्रेमच्या काचेमागे तो काचेला चिकटू शकतो. अल्बम हातोहात फिरणार असेल तर सॅटिन बरा. मॅट भिंतीवर आणि कृष्णधवल फोटोंना शोभतो. जाडी ग्रॅममध्ये, म्हणजे जीएसएममध्ये (एका चौरस मीटर कागदाचं वजन) सांगतात; दोनशेच्या पुढचा कागद हाताला फोटोसारखा लागतो. तुमचा प्रिंटर किती जाड कागद ओढू शकतो ते पुस्तिकेत पाहून घ्या.

पहिलं पाकीट शक्यतो प्रिंटरच्याच कंपनीचं घ्या. तो कागद कायम उत्तम असतो म्हणून नव्हे, तर सेटिंगच्या यादीत त्याचं नाव नेमकं सापडतं म्हणून. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर पाकिटावर ‘अमुक प्रिंटरसाठी हे सेटिंग निवडा’ असा तक्ता बहुधा असतो. तो फेकून देऊ नका.

चार बाय सहा इंचाचा कागद १०२ बाय १५२ मिलिमीटरचा, आणि ए६ हा १०५ बाय १४८ मिलिमीटरचा. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच. सेटिंगमध्ये एकाच्या जागी दुसरा निवडला गेला की एका बाजूला पांढरी पट्टी राहते, आणि माणूस तासभर बॉर्डरलेसचं सेटिंग तपासत बसतो.

छपाईची बाजू कोणती? ज्या बाजूला कंपनीचं नाव छापलेलं असतं ती मागची. नाव नसेल तर जास्त पांढरी आणि चमकदार बाजू पुढची. मॅट कागदात तेही ओळखू येत नाही. तेव्हा किंचित ओलसर बोट कोपऱ्याला दोन्हीकडून लावून पाहा. जी बाजू बोटाला चिकटल्यासारखी वाटते तिच्यावर शाई धरणारा थर असतो.

आता कागद लावायचा कसा, हे ट्रेवर अवलंबून आहे. ट्रे मागे असेल आणि कागद वरून खाली जात असेल तर छपाईची बाजू तुमच्याकडे. ट्रे खाली पुढच्या बाजूला असेल तर कागद आत वळून येतो, म्हणून छपाईची बाजू बहुधा खाली. खात्री नसेल तर साध्या कागदावर एका बाजूला पेन्सिलीने फुली मारा, ट्रेमध्ये घाला, काहीही छापा आणि फुली कोणत्या बाजूला आली ते बघा. फोटो पेपर एका वेळी थोडेच लावा, बाजूचे पट्टे कागदाला अलगद टेकवा, आणि कागद कडेलाच धरा. उरलेला कागद परत पाकिटात सपाट ठेवा. दमट हवेत उघडा राहिला की तो वाकतो आणि आत अडकतो.

आता छापायचं

सगळ्यात आधी साध्या कागदावर ‘नोझल चेक’ काढा. प्रिंटरच्या मेन्यूत ‘मेंटेनन्स’खाली तो असतो. प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी उमटते. कुठे रेघ तुटलेली असेल तर त्या रंगाची छिद्रं बुजली आहेत. एकदा ‘हेड क्लीनिंग’ करा आणि पुन्हा जाळी काढा. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा, प्रिंटर काही तास तसाच राहू द्या आणि मग परत बघा. प्रत्येक सफाईत शाई खर्च होते. रागाने दहा वेळा बटण दाबलं तर टाकी रिकामी होईल.

कार्डावरून थेट. प्रिंटरला खाच आणि छोटा पडदा असेल तर कार्ड लेबलाची बाजू बरोबर बघून घाला. जोर लावावा लागत असेल तर ते उलटं आहे. दिवा लुकलुकायचा थांबला की फोटो दिसू लागतील. फोटो निवडा, प्रती ठरवा. मग कागदाचा आकार, कागदाचा प्रकार, किनार हवी की नको आणि दर्जा, ही चारही सेटिंग स्वतः बघून मगच ‘स्टार्ट’ दाबा. मागच्या वेळी कोणीतरी साध्या कागदावर काही छापलेलं असेल तर सेटिंग तेच राहिलेलं असू शकतं. फोटो पुष्कळ असतील तर काही प्रिंटर ‘इंडेक्स शीट’ काढून देतात: एका पानावर सगळ्या फोटोंची क्रमांकासह छोटी चित्रं. ते पान घरात फिरवा, ज्याला जो हवा त्यावर खूण करू द्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘डीपीओएफ’ नावाने अशीच यादी आधीच करून ठेवता येते. कार्ड घातलं की प्रिंटर ती वाचतो आणि तेवढेच फोटो काढतो. कॅमेरा केबलने थेट प्रिंटरला जोडायची पिक्टब्रिज ही पद्धत २००३ पासून आहे. जुन्या जोडीकडे ती असेल तर जरूर वापरा.

थेट छपाई सोयीची असते, पण आधी म्हटलेली क्रॉपची आणि उजेडाची कामं त्या छोट्या पडद्यावर धड होत नाहीत. मी तिचा उपयोग मशीन ठीक चालतंय ना हे बघायला आणि घाईच्या दोन-चार प्रतींना करतो. अल्बमचे फोटो संगणकावरूनच.

संगणकावरून. विंडोजमध्ये फोटोच्या फाईलवर उजवं क्लिक करून ‘प्रिंट’ निवडलं की एक खिडकी उघडते. वर प्रिंटर, कागदाचा आकार, दर्जा आणि कागदाचा प्रकार, उजवीकडे मांडणी, आणि खाली एक छोटी चौकट, ‘फिट पिक्चर टू फ्रेम’. ती टिक केलेली असते. टिक असताना फोटो कागद भरेपर्यंत मोठा होतो आणि जादाचं कापलं जातं; टिक काढली की पूर्ण फोटो येतो, पण दोन बाजूंना पांढरी पट्टी राहते. तुम्ही आधीच योग्य प्रमाणात क्रॉप केलं असेल तर टिक असली-नसली तरी फारसा फरक पडत नाही. मॅकवर ‘प्रिव्ह्यू’च्या प्रिंट खिडकीत ‘फिल’ आणि ‘फिट’ असे याच अर्थाचे पर्याय मिळतात.

त्याच खिडकीतून प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन कागदाचा प्रकार आणि आकार तिथेही तेच आहेत ना, ते पाहा. एकीकडे ग्लॉसी आणि दुसरीकडे प्लेन असा घोळ इथेच होतो. दर्जा ‘हाय’ ठेवा. त्याच्याही वरचा ‘बेस्ट’ किंवा ‘मॅक्सिमम’ निवडला की वेळ आणि शाई जास्त जाते, फरक मात्र भिंग घेऊन शोधावा लागतो.

पूर्ण फोटो छापण्याआधी एक पट्टी काढून पाहावी. एकाच फोटोच्या तीन प्रती करा: मूळ, थोडी उजळ आणि आणखी उजळ. तिन्ही छोट्या आकारात एकाच चार बाय सहाच्या कागदावर छापा, आणि दिवसा खिडकीजवळ धरून बघा. जी आवडेल तेवढाच उजेड त्या प्रसंगाच्या बाकी फोटोंना द्या. एका कागदाच्या बदल्यात पुढचे सगळे वाचतात.

बाहेर आल्यावर

इंकजेटची प्रिंट हाताला कोरडी लागली तरी आतून ओलसर असते. लगेच एकावर एक रचू नका. निदान पंधरा-वीस मिनिटं सुटी पसरून ठेवा, पंख्याखाली मात्र नको, धूळ बसते. रचायची वेळ आलीच तर मध्ये साधा कागद घाला. काचेच्या फ्रेममध्ये किंवा प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घालायला पूर्ण एक दिवस जाऊ द्या, नाहीतर काचेवर आतून वाफ धरते. डायच्या शाईची प्रिंट उन्हात आणि उघड्या हवेत लवकर विटते. काचेमागे, थेट ऊन न लागणाऱ्या भिंतीवर ती पुष्कळ जास्त टिकते. मागे नाव-तारीख लिहायची तर बॉलपेन दाबून लिहू नका, अक्षरं समोरून उठून दिसतात.

काही बिघडलंच तर

आडव्या पांढऱ्या रेघा आल्या तर नोझल चेक. रेघा नाहीत पण कडा दुहेरी किंवा खरबरीत दिसतात, तर मेन्यूतलं ‘हेड अलाइनमेंट’. एखादा रंगच गायब असेल, म्हणजे सगळा फोटो गुलाबी किंवा हिरवा, तरी आधी नोझल चेकच. शाईचे थेंब साचून ओघळ आले तर बहुधा कागद उलटा आहे किंवा कागदाचा प्रकार चुकलाय. कागदावर समान अंतरावर चाकांच्या बारीक टिकल्या दिसल्या तर प्रिंट ओली असतानाच पुढे सरकतेय; जास्त जाड कागदाचं सेटिंग किंवा जास्त वेळ सुकू देण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. दोन कागद एकदम ओढले जात असतील तर गठ्ठा बाहेर काढून कडा मोकळ्या करा.

इंकजेटला उपास सोसत नाही. आठवड्या-पंधरवड्याने सगळे रंग असलेलं एखादं पान छापत राहा, म्हणजे छिद्रं बुजत नाहीत. आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या स्वतःच्या बटणाने. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला तर शाईचं डोकं टोपीखाली न जाता मध्येच उघडं राहतं आणि वाळतं.

फोटो संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी, अशा दोन जागी नीट उतरले आहेत याची खात्री झाली की कार्ड रिकामं करायला हरकत नाही. खटका वर करा, कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेऱ्याच्याच मेन्यूतून फॉरमॅट करा. संगणकावर फॉरमॅट केलेल्या कार्डावर काही कॅमेरे अडून बसतात.